डंख बोटाला, धाप छातीला: गांधीलमाशीच्या विषाने शरीरात काय घडतं

नागपुरात फेब्रुवारी संपत आला की गच्चीवरचे आणि बाल्कनीतले कूलर उघडले जातात. पावसाळ्यापासून बंद असलेल्या त्या लोखंडी खोक्यात, ताट्यांच्या मागे किंवा पंपाच्या कोपऱ्यात, गांधीलमाश्यांचं एखादं राखाडी, कागदासारखं पोळं हमखास लटकलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की याच माश्या कूलरच्या टाकीवर पाण्याला येतात. पाणी त्या स्वतःसाठीच नेत नाहीत. पोळ्यावर त्याचे थेंब ठेवून, पंखांनी वारा घालून आतल्या अळ्या गार ठेवतात. एकाच उन्हापासून वाचायला आपण आणि त्या एकाच पाण्याशी येतो, त्यामुळे उन्हाळ्यात गांधीलमाशी चावणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

बहुतेकांना त्याचं काही विशेष होत नाही. भयंकर आग होते, बोट सुजतं, घरातलं कोणीतरी चुना लावतं किंवा लोखंड घासतं, आणि एक-दोन दिवसांत सूज उतरते. मात्र काही थोड्या माणसांच्या बाबतीत त्याच एका डंखानंतर पाच-दहा मिनिटांत अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. माशी तीच, विष तेच. मग फरक कुठे पडतो?

आधी विषाचं माप बघू. युरोप-अमेरिकेतली व्हेस्पुला जातीची गांधीलमाशी एका डंखात साधारण २ ते ३ मायक्रोग्रॅम विष सोडते. आपल्या कूलरमध्ये पोळं करणाऱ्या माश्यांच्या जवळच्या नात्यातली पॉलिस्टेस ४ ते १७ मायक्रोग्रॅम सोडते. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. साठ-सत्तर किलोच्या माणसाचा रक्तदाब पाडण्याइतकी ताकद एवढ्याशा विषात नसते. रक्तदाब पाडतात त्या माणसाच्या स्वतःच्याच पेशी. विष त्यांना फक्त सुरुवात करून देतं. ही एक गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं, म्हणजे लक्षणं, उपचार, तपासण्या, आपोआप जुळत जातं.

शेकडो माश्या एकदम तुटून पडल्या तर मात्र विष स्वतःच घात करतं. रक्तातल्या लाल पेशी फुटतात, स्नायू विरघळतात, त्यांचे अवशेष मूत्रपिंडात अडकून ती बंद पडू शकतात. त्याला अ‍ॅलर्जी लागत नाही, आणि ते कुणालाही होऊ शकतं. इथे मी बोलतोय ते एका-दोन डंखांबद्दल.

या गोष्टीतली मुख्य पेशी म्हणजे मास्ट पेशी. पॉल एर्लिख या वैद्यक शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्याने १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात तिचं वर्णन केलं. ॲनिलिनचे रंग वापरून ऊती रंगवताना काही पेशींच्या पोटात खच्चून भरलेले बारीक दाणे त्याला दिसले. त्या दाण्यांमध्ये काय असतं ते पुढे कळलं: हिस्टामिन, हेपारिन, ट्रिप्टेजसारखी प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम). हे सगळं आधीच बनवून ठेवलेलं असतं. गरज पडली की पेशीला काही नव्याने तयार करावं लागत नाही, दाणे पेशीच्या कडेला येतात आणि आतला माल बाहेर पडतो. त्यामुळेच अ‍ॅलर्जी मिनिटांत होते, तापासारखी दिवसांत नाही.

मास्ट पेशी रक्तात फिरत नाहीत. त्या त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात, हृदयातसुद्धा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या अगदी लगत ठाण मांडून बसलेल्या असतात. ही यादी लक्षात ठेवा, कारण लक्षणं नेमकी याच ठिकाणी उमटतात. रक्तात फिरणारी त्यांची नातलग म्हणजे बेसोफिल पेशी. पांढऱ्या पेशींमध्ये त्यांचं प्रमाण एक टक्क्यापेक्षाही कमी, पण दाणे त्यांच्याकडेही आहेत आणि त्याही याच कामात भाग घेतात.

आता विष. ते एकच एक द्रव्य नाही. त्यात हिस्टामिन आणि सेरोटोनिनसारखे छोटे रेणू आहेत, वेदना उठवणारे किनिन आहेत, आणि मास्टोपॅरान नावाचा अवघ्या १४ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे. हा मास्टोपॅरान मला या सगळ्यात फार विलक्षण वाटतो. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी तो गांधीलमाशीच्या विषातून वेगळा केला. मास्ट पेशीला भेटला की तो तिला थेट दाणे सोडायला लावतो. त्यासाठी कसलीही अ‍ॅलर्जी असावी लागत नाही, आधीची ओळख लागत नाही. हे कसं होतं त्याचा मोठा धागा २०१५ मध्ये हाती लागला: मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर एमआरजीपीआरएक्स-२ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणूच बसू शकतील अशी जागा) असतो, आणि मास्टोपॅरानसारखे तुकडे त्यालाच जाऊन धरतात.

म्हणजे डंखाच्या जागी उठणारी गांधी, लाली, खाज आणि सूज ही प्रत्येकाला होते ती बरीचशी या थेट मार्गाने. पण मास्टोपॅरान जिथे टोचला गेला तिथल्याच मास्ट पेशींना गाठू शकतो. अंगभर पसरून सगळीकडच्या पेशी जाग्या करायला तो पुरत नाही. त्यासाठी दुसरा मार्ग लागतो, आणि तो मार्ग शरीर स्वतः बांधतं.

हा दुसरा मार्ग विषातल्या मोठ्या प्रथिनांचा. अ‍ॅलर्जन म्हणतात ते हेच. गांधीलमाशीच्या विषात तीन महत्त्वाची आहेत. फॉस्फोलायपेज ए-१ पेशींच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ तोडतं. हायल्युरोनिडेज त्वचेतल्या पेशींमधला चिकट पदार्थ विरघळवून विषाला आत पसरायला वाट करून देतं. तिसरं अँटीजेन-५, सुमारे दोनशे अमिनो आम्लांचं प्रथिन, विषात भरपूर असतं आणि अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने सगळ्यात बलवान. गंमत म्हणजे ते माशीच्या काय कामाचं आहे हे विज्ञानाला अजून उमगलेलं नाही. मधमाशीच्या विषात हे अँटीजेन-५ नसतं. तिथे फॉस्फोलायपेज ए-२ आणि मेलिटिन यांचा भरणा असतो. म्हणून मधमाशीची अ‍ॅलर्जी असलेल्याला गांधीलमाशीची असेलच असं नाही, आणि उलटही.

पहिल्यांदा माशी चावते तेव्हा काय होतं? वरून काहीच नाही, नेहमीची सूज. पण त्वचेत लँगरहान्स आणि डेंड्रिटिक नावाच्या पेशी असतात. त्या विषातली प्रथिनं गिळतात, त्यांचे तुकडे करतात आणि जवळच्या लसिका गाठीपर्यंत नेऊन टी पेशींना, म्हणजे संरक्षणाचं काम ठरवणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. विषाने फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे इंटरल्युकिन-३३ सारखे इशारेही याच वेळी आसपास पसरलेले असतात. या सगळ्याच्या प्रभावाखाली काही जणांच्या टी पेशी एका विशिष्ट वळणावर जातात. त्यांना टीएच-२ पेशी म्हणतात. त्या इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ सोडतात, आणि त्या संदेशावरून बी पेशी आयजीई नावाचं प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थाला नेमकं ओळखून चिकटणारं प्रथिन, बनवायला लागतात. दोन-तीन आठवड्यांत हे काम होऊन जातं. माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथे एक नवी भर पडली आहे. टी पेशी प्रथिनांचेच तुकडे ओळखतात असं बराच काळ शिकवलं गेलं. मीही तसंच शिकलो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की मधमाशीच्या विषातलं फॉस्फोलायपेज आपल्याच त्वचेतली स्निग्ध द्रव्यं तोडतं, आणि ते तुकडे सीडी१ए नावाच्या रेणूवर बसवून टी पेशींना दाखवले जातात. पुढच्या वर्षी त्यांनी मधमाशीची किंवा गांधीलमाशीची अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तात अशा टी पेशी जास्त प्रमाणात सापडल्याचं मांडलं. म्हणजे विषाला दिलेल्या प्रतिसादाचा एक भाग हा विषाने मोडलेल्या आपल्याच घटकांना दिलेला प्रतिसाद आहे.

काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत मृग बहाराची तोडणी चालू असताना मी तिथे होतो. फांदीआड हात घालताना तोडणाऱ्या एका माणसाचं मनगट पोळ्याला लागलं. एकच डंख. त्याने मनगट पँटला घासलं आणि मी काळजीने विचारलं तर हसून म्हणाला, “मागच्या साली बी चावली होती जी, काई झालं नाई. आता काय होते?” थोड्याच वेळात तो तळहात खाजवू लागला. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, शर्ट वर केला तर पोटावर नकाशासारख्या गांधी. “डोळ्यापुढं अंधारी येऊन रायली,” असं म्हणेपर्यंत त्याचा आवाज घोगरा झाला होता. त्याला झाडाखाली आडवं केलं, पायाखाली संत्र्याचं क्रेट ठेवलं आणि झोपवूनच बागेतल्या मालवाहू गाडीतून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

त्याच्या “मागच्या साली”त सगळं उत्तर होतं. मागच्या वर्षी काही झालं नाही हे खरं, पण मागच्या वर्षीच्या डंखानेच बहुधा त्याच्या बी पेशींना आयजीई बनवायला शिकवलं होतं. वर्गात मुलं विचारतात, “सर, पहिल्यांदा का नाही होत?” त्याचं उत्तर हेच. पहिल्या वेळी विषाला ओळखणारं आयजीई शरीरात नसतंच. डंखाने दगावलेल्या लोकांच्या नोंदी पाहिल्या तर त्यातल्या जवळपास निम्म्यांना आधी कधीही मोठी रिअ‍ॅक्शन आलेली नसते. आधी काही झालं नाही, या वाक्याचा आधार घेऊ नये तो त्यामुळे.

आयजीई फार उशिरा सापडलं, १९६६-६७ मध्ये. डेन्व्हरमध्ये काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दाम्पत्याने ते शोधलं, आणि जवळपास त्याच वेळी स्वीडनमध्ये उप्सालाच्या योहान्सन आणि बेनिश यांनीही. उशीर होण्याचं कारण साधं होतं. रक्तात त्याचं प्रमाण बाकीच्या प्रतिपिंडांच्या मानाने नगण्य असतं. ते रक्तात फार रेंगाळत नाही, दोनेक दिवसांत निम्मं होतं. पण मास्ट पेशीवर एकदा बसलं की आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. मास्ट पेशीवर त्याला घट्ट धरणारे हजारो ग्राहक असतात. म्हणजे पुढचा डंख होईपर्यंत अंगभरातल्या मास्ट पेशींनी गांधीलमाशीच्या विषाला ओळखणारं आयजीई अंगावर धारण केलेलं असतं.

दुसऱ्या डंखाला अँटीजेन-५ चा एखादा रेणू येऊन आयजीईला चिकटला तर लगेच काही होत नाही. बँकेतला लॉकर जसा आपली किल्ली आणि बँकेची किल्ली अशा दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही, तसं इथेही एका आयजीईने भागत नाही. एकाच रेणूने शेजारशेजारच्या किमान दोन आयजीईंना एकाच वेळी धरून जवळ ओढावं लागतं. तसं झालं की त्यांच्या खालचे ग्राहक एकत्र येतात, पेशीच्या आत कॅल्शियमचं प्रमाण झटकन वाढतं आणि दाणे बाहेर रिकामे होतात. अ‍ॅलर्जनच्या अंगावर आयजीई बसू शकेल अशा जागा एकापेक्षा जास्त असाव्या लागतात तो यासाठी. आणि अगदी थोडं विष पुरतं तेही यासाठीच. मोजक्या रेणूंनी मोजक्या जोड्या जुळवल्या तरी पेशी दाणे सोडू लागते.

दाणे बाहेर पडले म्हणजे काम संपलं असं नाही. पुढच्या काही मिनिटांत मास्ट पेशी आपल्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यांपासून नवी रसायनं बनवते: ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन डी-२, प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेटिंग फॅक्टर. श्वासनळ्या आवळण्यात ल्युकोट्राइन हिस्टामिनपेक्षा कितीतरी पुढे आहेत. मग काही तासांनी तिसरी लाट येते, सायटोकाइनची, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनांची. ती इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना आणि टी पेशींना तिकडे बोलावते. काही जणांचा हात चोवीस तासांनी अधिकच सुजतो, कोपरापर्यंत टम्म होतो, तो बऱ्याच अंशी या उशिरा येणाऱ्या पेशींमुळे. त्याला जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू केलं जातं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अशी मोठी पण जागच्या जागी राहिलेली सूज येणाऱ्यांपैकी पुढच्या डंखाला अंगभर रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता ५ ते १० टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे फार नाही.

अंगभर रिअ‍ॅक्शनमध्ये मात्र सगळीकडच्या मास्ट पेशी एकाच वेळी रिकाम्या होतात. त्वचेत गांधी आणि खाज, घशात सूज, श्वासनळीत घरघर, आतड्यात कळ, उलटी आणि जुलाब. सगळ्यात घातक ते रक्तवाहिन्यांमध्ये घडतं. त्या सैल पडतात आणि त्यांच्या भिंतींमधून पाणी बाहेर झिरपतं. दहाएक मिनिटांत रक्तवाहिन्यांतल्या एकूण द्रवापैकी ३५ टक्क्यांपर्यंत भाग बाहेरच्या ऊतींमध्ये जाऊ शकतो. रक्त कुठेही सांडलेलं नसतं, तरी हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं. अशा वेळी माणसाला उभं केलं किंवा बसवलं तर उरलंसुरलं रक्त पायांत साठतं आणि हृदय रिकामंच आकुंचन पावत राहतं. ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या अभ्यासात काही जण उभं केल्यावर किंवा बसवल्यावर काही क्षणांत गेलेले आढळले. आपल्याकडे घाईत पेशंटला दोघांच्या मध्ये टू-व्हीलरवर बसवून नेतात. कळवळून सांगतो, हे करू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी मिळवा, आणि माणूस आडवा, पाय थोडे वर, अशाच स्थितीत न्या. उलटी होत असेल तर कुशीवर. श्वास फारच लागत असेल तर टेकवून बसवा, पण पाय लांब पसरलेले ठेवा. गच्चीवर डंख झाला असेल तर त्याला जिना उतरायला लावू नका.

त्याच ब्रिटिश अभ्यासात डंखापासून हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मधला काळ १५ मिनिटं निघाला. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत तो ३० होता. यावरून औषधाचा क्रम ठरतो, आणि मला या लेखात सगळ्यात तळमळीने सांगायचंय ते हेच. अंगभर रिअ‍ॅक्शन आली की पहिलं औषध ॲड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं असतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅमपर्यंत, आणि पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा.

पुष्कळ ठिकाणी अजूनही आधी “अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन”, म्हणजे फेनिरामिनसारखं हिस्टामिनविरोधी औषध आणि सोबत स्टेरॉइड, दिलं जातं आणि ॲड्रेनालिन अगदी शेवटी आठवतं. पेशींचं काम पाहिलं की यातली गफलत लख्ख दिसते. हिस्टामिनविरोधी औषध हिस्टामिनला त्याच्या ग्राहकावर बसू देत नाही, एवढंच. त्याने खाज आणि गांधी कमी होतात. ल्युकोट्राइन आणि बाकीची रसायनं आपलं काम करतच राहतात, मास्ट पेशीसुद्धा रिकामी होतच राहते. स्टेरॉइड पेशीच्या गाभ्यात जाऊन जनुकांचं काम बदलतं, त्याला तास लागतात. पंधरा मिनिटांच्या लढाईत त्याचा उपयोग नाही. ॲड्रेनालिन मात्र एकाच वेळी सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचा जोर वाढवतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, आणि मास्ट पेशीच्या आतली सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोहोचवणारा छोटा रेणू) वाढवून तिला आणखी दाणे सोडण्यापासून रोखतं. ही सगळी कामं एकट्याने करणारं दुसरं एकही औषध नाही. त्याची काचेची कुपी स्वस्त असते. काही जणांना पहिली रिअ‍ॅक्शन शमल्यावर काही तासांनी पुन्हा तशीच येते, म्हणून बरं वाटलं तरी रुग्णालयातून लगेच निघायचं नाही.

सगळ्यांनाच का होत नाही? युरोपातल्या पाहण्यांनुसार ९ ते २८ टक्के प्रौढांच्या शरीरात या माश्यांच्या विषाविरुद्धचं आयजीई सापडतं, पण अंगभर रिअ‍ॅक्शन त्यातल्या थोड्यांनाच येते. तेव्हा नुसतं आयजीई असणं म्हणजे आजार नव्हे. मास्ट पेशी किती आहेत आणि किती सहज दाणे सोडतात यावर बरंच अवलंबून असतं. काहींच्या मास्ट पेशींमध्ये केआयटी नावाच्या जनुकात बदल झालेला असतो आणि त्या वाजवीपेक्षा जास्त वाढतात. काहींमध्ये ट्रिप्टेजच्या जनुकाची एखादी जादा प्रत जन्मतःच असते. हे २०१६ मध्ये उलगडलं. अशा लोकांना डंखाची रिअ‍ॅक्शन जास्त गंभीर येते, आणि कित्येकदा गांधी न उठता थेट रक्तदाबच पडतो. गांधी नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असं धरून चालणं इथे अंगलट येऊ शकतं.

उत्क्रांतीत असली आत्मघातकी व्यवस्था टिकली कशी, हा प्रश्न कुणालाही पडेल. स्टॅनफर्डमधल्या एका गटाने २०१३ मध्ये उंदरांवर प्रयोग केला. काही उंदरांना आधी मधमाशीच्या विषाचा थोडा डोस दिला, नंतर प्राणघातक ठरू शकेल एवढा. आधी डोस मिळालेले उंदीर जास्त संख्येने वाचले. पण ज्यांच्यात आयजीई बनतच नव्हतं त्यांना हे संरक्षण मिळालं नाही. त्याआधी याच गटाने दाखवलं होतं की मास्ट पेशी उंदरांना सापाच्या आणि मधमाशीच्या विषापासून वाचवतात, आणि त्यांच्यातली विकरं सापाच्या विषातले घटक तोडून निकामी करू शकतात. म्हणजे दाणे सोडणं हा मुळात विष मोडून टाकण्याचा उपाय असावा. प्रमाणात झाला तर रक्षण, अंगभर एकदम झाला तर संकट. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, पण मला ही मांडणी पटते.

याच पेशींना वेगळं वळणही लावता येतं. मधमाश्या पाळणाऱ्यांना हंगामभर डंख बसतात आणि त्यातल्या बहुतेकांना हळूहळू काही वाटेनासं होतं. त्यांच्या शरीरात इंटरल्युकिन-१० सोडणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, आणि बी पेशी आयजीईऐवजी आयजीजी-४ हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड जास्त बनवू लागतात. आयजीजी-४ रक्तातच विषाला पकडतं, त्याला मास्ट पेशीवरच्या आयजीईपर्यंत पोहोचू देत नाही. व्हेनम इम्युनोथेरपी हेच मुद्दाम घडवून आणते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी सूक्ष्म डोसपासून सुरुवात करून १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढायचं, आणि मग तोच डोस ठरावीक अंतराने तीन ते पाच वर्षं. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे गांधीलमाशीच्या कित्येक डंखांइतकं विष! एका डंखाने ज्याचा जीव जाऊ शकत होता तो माणूस पुढे एवढं विष सहज सोसतो. गांधीलमाशीच्या बाबतीत ही थेरपी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना वाचवते.

१९७० च्या दशकापर्यंत यासाठी अख्ख्या माश्या वाटून त्यांचा अर्क टोचला जायचा. १९७८ मध्ये अमेरिकेत शुद्ध विष, अख्ख्या माशीचा अर्क आणि नुसतं निष्क्रिय द्रावण यांची समोरासमोर तुलना झाली. त्यात अर्काचा उपयोग निष्क्रिय द्रावणाइतकाच निघाला. संरक्षण दिलं ते शुद्ध विषानेच. भारतापुढची अडचण वेगळी आहे. तपासणीसाठी आणि उपचारासाठी जगात मिळणारी विषं प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या व्हेस्पुला आणि पॉलिस्टेस माश्यांची असतात. आपल्याकडच्या माश्या त्यांच्या नात्यातल्या असल्या तरी जाती वेगळ्या, त्यामुळे प्रथिनंही तंतोतंत तीच नसतात. तरीही ज्याला एकदा अंगभर रिअ‍ॅक्शन आली आहे त्याने अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

दाखवायला जाताना दोन वेळा महत्त्वाच्या आहेत. रिअ‍ॅक्शन आल्यावर एक-दोन तासांत, फार तर तीन-चार तासांत, रक्ताचा एक नमुना ट्रिप्टेजसाठी घेऊन ठेवायला डॉक्टरांना सांगा. आधी अर्थातच ॲड्रेनालिन. दुसरा नमुना चोवीस तास उलटल्यानंतर, सगळं शांत झाल्यावर. दुसऱ्याच्या तुलनेत पहिला चांगला वर असेल तर मास्ट पेशी रिकाम्या झाल्या होत्या हे पक्कं. दुसराच मुळात जास्त, म्हणजे मिलिलिटरला ११.४ नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर त्या माणसाच्या मास्ट पेशींची वेगळी तपासणी लागते. आयजीईची चाचणी मात्र लगेच करू नये. डंखानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. चार ते सहा आठवडे थांबून केलेली बरी. आणि जमलं तर मेलेली माशी डबीत घालून न्या, निदान तिचा फोटो तरी. नांगी त्वचेत रुतून राहिली होती की नाही तेही सांगा. मधमाशीची काटेरी नांगी मागे राहते, गांधीलमाशीची बहुतेक वेळा राहत नाही, आणि कोणत्या विषाची तपासणी करायची हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं.